दुसरा नंबर

प्राण्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काम करून मावशी निवृत्त झाल्या, पण त्यांचा फोन काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. आठवड्यातून एकदा तरी तो वाजायचाच. कुणाचं मांजर दुसऱ्याच्या गच्चीवर सापडलेलं, कुणाचा कुत्रा चार गल्ल्या ओलांडून खाटकाच्या दारात ठाण मांडून बसलेला. मावशी हातातलं काम टाकून धावायच्या. त्यांच्या घरातून दूध करपल्याचा वास आला की शेजारी समजायचे, कुणीतरी सापडलं.

ही खोड त्यांनी स्वतःच लावून घेतली होती. दवाखान्यात प्राण्यांना चिप बसवायचे ते डॉक्टर. जनावराला धरायचं आणि फॉर्म भरायचा तो मावशींनी. चिप म्हणजे तांदळाचा दाणा. सुईतून मानेवरच्या कातडीखाली जाते आणि जन्मभर तिथंच राहते. जनावर कुठं आहे ते तिला ठाऊक नसतं. पण हरवलेलं जनावर सापडलं की त्याच्यावरून यंत्र फिरवायचं, एक लांबलचक आकडा दिसतो, आणि त्या आकड्यावरून मालकाचा फोन मिळतो.

फॉर्मवर मालकाच्या नंबराखाली आणखी एक रकाना होता, दुसरा नंबर. तो भरल्याशिवाय संगणक पुढं सरकायचाच नाही. एकदा घड्याळं दुरुस्त करणारे एक काका तपकिरी पिल्लू घेऊन आले. पिल्लाचं नाव बटण. बायको आदल्या वर्षी गेलेली, मूलबाळ नाही.

"दुसरा नंबर?" मावशींनी विचारलं.

"दुसरं कोण असणार? हा बटण. आणि त्याच्याकडे फोन नाही," काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

मावशींना हसू आलं नाही. मागं रांग वाढत होती, संगणक हटून बसला होता. त्यांनी आपला नंबर टाकून दिला. मग सवयच लागली. जो कुणी त्या रकान्यापाशी घुटमळला, त्याच्या फॉर्मवर मावशींचा नंबर. वर प्रत्येकाला दम ठरलेला, "नंबर बदललात तर आधी इथं येऊन सांगायचं. सासूला नंतर कळवलं तरी चालेल."

लेकीचा मात्र या फोनवर दात होता, आणि तिचंही चुकत नव्हतं. तिच्या लग्नातल्या घरच्यांच्या फोटोत आईच नाही. फोटो निघत होता तेव्हा आई हॉलच्या मागच्या जिन्यात उभी राहून एका कासवाच्या मालकाचा पत्ता सांगत होती. गेल्या महिन्यात तर फोन घ्यायला धावताना मावशी सपशेल आडव्या झाल्या. हाड मोडलं नाही हे नशीब.

"बास झालं. शनिवारी दुकानात जायचं आणि नंबर बदलून टाकायचा," लेकीनं फर्मान काढलं.

मावशींनी मान डोलावली, पण तेव्हापासून घास गोड लागेना. दवाखान्यातल्या नव्या मुलीला सांगून सगळ्या फॉर्मवरून आपला नंबर काढता आला असता. पण काढून तिथं लिहायचा कुणाचा?

शनिवारी लेक गाडी घेऊन आली. मावशी कुलूप लावत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"तुम्ही बटणच्या कोण?" शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई बोलत होत्या. "पहिला नंबर कुणी उचलत नाहीये."

"अगं बाई! बटण हरवला?"

"कुत्रा नाही हो हरवला. कुत्र्याबरोबरचे आजोबा हरवलेत."

घड्याळवाले काका सकाळपासून दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर बसून होते. नाव विचारलं की गोड हसून म्हणायचे, "सांगतो, सांगतो." खिशात एका भिंगाशिवाय काही नाही. पायाशी कुत्रा. शेवटी डॉक्टरीणबाईंना वाटलं, माणूस सांगत नाही तर कुत्र्याला विचारावं, आणि यंत्र घेऊन त्यांनी सरळ रस्ता ओलांडला.

"हा शेवटचा हं," म्हणत लेकीनं गाडी तिकडं वळवली.

दवाखान्यात काका डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत ऐसपैस बसून चहा पीत होते. मावशींना बघताच त्यांचा चेहरा खुलला.

"या मावशी! बटणचं इंजेक्शन आज होतं का? तारीख विसरलो की काय मी?"

स्वतःचं नाव सांगता न येणाऱ्या माणसाला मावशी आठवत होत्या. मावशींचा जीव भांड्यात पडला आणि डोळे भरून आले.

"तारीखच विसरलात ना? मग त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "चला, घरी सोडते."

काकांच्या दारात शेजारीणबाई रडकुंडीला येऊन उभ्या होत्या. फोन आत टेबलावर पडला होता. सोमवारी काकांना डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. "गाडी मी आणते," हे लेकच बोलून गेली. 

 परतताना लेक म्हणाली, "आई, आपल्या मनीच्या फॉर्मवर दुसरा नंबर कुणाचा आहे गं?"

"तुझा. आणखी कुणाचा असणार?" मावशींनी नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

लेकीनं गाडी कडेला घेतली. "हा नंबर मी लग्नाआधी सोडला, आई. त्यानंतर दोनदा बदलला."

मावशींनी कपाळावर हात मारला. बावीस वर्षं गावाला दम देण्यात गेली आणि स्वतःच्या मांजराचा फॉर्म तसाच राहिला!

"म्हणजे उद्या तू कुठं अशी बसून राहिलीस, मनीला मांडीवर घेऊन," लेक हळूच म्हणाली, "तर मला कुणी कळवूच शकणार नाही."

तिनं डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. चौक गेला, फोनचं दुकान आलं आणि तेही गेलं.

"अगं, दुकान मागं राहिलं."

"राहू दे. आधी तुझ्या दवाखान्यात जाऊ. मनीच्या फॉर्मवर माझा नवा नंबर घालू."

"आणि माझा?"

"तुझा आहे तिथंच राहू दे. फक्त फोन वाजला की धावायचं नाही, चालत जायचं. कासव काही पळून जात नाही."

"ते पळूनच गेलं होतं गं," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर फोन आला होता."