आत्याचा देव आणि इंजिनाचा नंबर

“पोरीला इंग्रजी समदं कळतंय, फकस्त बोलत न्हाय!” आप्पा, म्हणजे माझे काका, अंगणात मोटारीच्या मिस्त्रींना सांगत होते. मी दाराआडून ऐकत होते. त्यातला निम्मा भाग खरा होता. मी बोलत नव्हते.

आमचा शहापुरात हातमागाच्या साड्यांचा धंदा. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, लष्करी कॅम्पातल्या, विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून मोटार घेतली होती. (गाडी देताना साहेब इतका आनंदात का होता, ते आम्हाला पुढे कळलं.) आता थोरल्या बहिणीचं, सुमनआक्काचं, लग्न निपाणीला ठरलं होतं आणि अण्णांनी भर बैठकीत व्याह्यांना सांगून टाकलं होतं, “नवरी मोटारीतनं येणार!” लग्नाला वीस दिवस उरले होते. आणि मोटार चहाच्या किटलीसारखी वाफ सोडत अंगणात बसली होती.

“इंजिनाच्या सांध्यातलं पॅकिंग गेलंय,” बॉनेटमधून डोकं बाहेर काढत मिस्त्री म्हणाले. “तेल आन् पानी एक झालंय. मुंबईसनं नवीन मागवा. पर इंजिनाचा नंबर लिवा बरं का! ह्या गाडीला दोन तऱ्हेची इंजिनं येत्यात.”

“नंबर कुठं असतोय?” अण्णांनी विचारलं.

“सायबानं गाडीसंगं दिलेल्या इंग्रजी बुकात असंल की. तुमच्या पोरीला इचारा.”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मी पुस्तक आणायला पळाले.

पुस्तकात चित्रच होतं. इंजिनाच्या डाव्या अंगाला एक सपाट उंचवटा, त्यावर नंबर. मी चित्र पाहिलं, इंजिन पाहिलं, आणि पुस्तक मिटलं. कारण त्या उंचवट्यावर आत्याचा देव बसला होता!

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण आणि आमच्या घरातलं हायकोर्ट. गाडी आली त्या वर्षी खंडेनवमीला मागाबरोबर मोटारीचीही पूजा झाली. आत्याने बॉनेट उघडायला लावलं, आत नीट पाहिलं, आणि तिला तो उंचवटा दिसला. “स्वयंभू हाय!” ती म्हणाली आणि शेंदराचं बोट टेकवलं. मग दर शनिवारी तेल-शेंदूर. सहा वर्षांत सुपारीएवढा देव नारळाएवढा झाला आणि इंजिनाच्या आचेवर भाजून विटेसारखा पक्का झाला. एका ड्रायव्हरने तो फडक्याने पुसायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवसापासून तो खडेबाजारात टांगा हाकत होता.

आता अशा आत्याला मी सांगणार होते, की देव खरवडा?

मी इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिथे एक स्वच्छ, ठसठशीत नंबर होता. नंबर तो नंबर! शाळेत मी एवढं नक्की शिकले होते, की उत्तर येत नसलं तरी कागद कोरा सोडू नये. सुवाच्य अक्षरात नंबर लिहून मुंबईच्या दुकानाला पत्र धाडलं. अण्णा आप्पांना म्हणालेसुद्धा, “बघ, पोरीची शाळा कामाला आली.”

नवव्या दिवशी पार्सल आलं. मिस्त्रींनी पॅकिंग इंजिनावर धरलं, फिरवलं, उलटं केलं, भोकं मोजली. इंजिनाला चार, पॅकिंगला सहा!

“हे लॉरीचं हाय,” मिस्त्री म्हणाले.

“दोन भोकं ज्यादा हायती, तर बिघडलं कुठं?” आत्या.

“कात्रीनं कापून बसवू या की,” आप्पा.

“कापड हाय व्हय हे, आप्पा?” मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. कपाळ काळं झालं.

सुमनआक्का उंबऱ्यावर बसून ऐकत होती. “मी आपली बैलगाडीनं जाते गं,” एवढंच ती म्हणाली, आणि ते ऐकून अण्णा भडकले. मला कागद घ्यायला लावला. “लिही! तुमच्या दुकानात आंधळी माणसं कामाला ठेवल्यात काय?”

मी ‘डियर सर’ लिहिलं. पुढे टाक चालेना. मुंबईतली डोळस माणसं माझ्यापायी शिव्या खाणार होती, आणि दुसरंही पॅकिंग लॉरीचंच येणार होतं! शेवटी ‘डियर सर’च्या खाली मराठीत लिहिलं, ‘खरा नंबर आत्याच्या देवाखाली आहे’, आणि कागद अण्णांपुढे सरकवला.

अण्णांनी तो मनात वाचावा अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

मी आत्याकडे न बघता तिच्या पायांकडे बघत होते. पाय जवळ आले.

“मग खोळ उतरवा की!” आत्या म्हणाली. “शेंदूर लई झाला की देवाची खोळ उतरवायचीच असते. एवढ्यासाठी लॉरीचं सामान आणवलंस व्हय गं? त्वांड न्हाय तुला?”

म्हणजे नऊ दिवस मी जिला भ्याले होते, ती माझी मीच तयार केलेली आत्या होती!

नारळ फुटला. मिस्त्रींनी चपला काढल्या आणि छिन्नी लावली. आत्याने शेंदराचे तुकडे परातीत झेलले. खाली नंबर कोरा करकरीत!

“सहा वर्सं झाली, गंजाचा ठिपका न्हाय!” मिस्त्री थक्क झाले.

“मग! देव काय बिनकामाचा बसलाय?” आत्या म्हणाली.

मी पुन्हा पत्र लिहिलं. “आमच्या कारकुनाची चूक झाली म्हण,” अण्णांनी सांगितलं. तशी मी घरातली पहिली नोकरदार बाई झाले.

लग्नाला दोन दिवस असताना दुसरं पार्सल आलं, आत एक चिठ्ठीही. पॅकिंगला भोकं चारच. मिस्त्रींनी ते बसवलं, हँडल मारलं, आणि मोटार अशी गरजली की गल्लीतले माग थांबले. माणसं धावत आली. सुमनआक्का मागच्या सीटवर चढूनच बसली.

“चिठ्ठीत काय लिवलंय?” अण्णा ओरडले. “मोठ्यानं वाच, ऐकू येत न्हाय!”

चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. पॅकिंग नीट आवळून बसवावं. आणि असल्या बेफिकीर कारकुनाला आजच कामावरून काढावं.

सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या सगळ्यांत इंग्रजी वाचणारी मी एकटी! मी चिठ्ठीची घडी घातली आणि जन्मात पहिल्यांदा, इंजिनाच्या वरताण आवाज काढून ओरडले, “लिहिलंय, असा कारकून मिळायला नशीब लागतं!”