बायकोच्या मामांचा बगळा

माणसं निसर्गात मन शांत करायला जातात. माझ्या बायकोचे मामा चिडायला जातात. झाड, पाणी, पाखरू, ढग, यांपैकी कशाकडेही त्यांनी शांतपणे बघितल्याचं आमच्या गावात कुणाच्या ऐकिवात नाही. त्यांची सगळी हयात एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली. लोणंदपासून सांगलीपर्यंतच्या प्रवाशांवर ओरडून कमावलेला आवाज निवृत्तीनंतर घरात मावेना. तो भिंतींना धडकत राहिला, मामींनी जमेल तितका सोसला, आणि शेवटी तो आमच्या तलावावर येऊन आदळला.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. लहानपणी शाळेतल्या बाईंनी आम्हाला ओढ्यावर नेऊन बेडकाची अंडी दाखवली नसती, तर मीही चढलो नसतो. ते ऋण डोक्यावर होतं. म्हणून तलावाकाठच्या बागेत, घट बसल्यापासून दिवाळीपर्यंत, दर रविवारी सकाळी मी कुटुंबांसाठी निसर्गफेरी सुरू केली. आईवडिलांनी मुलांना घेऊन यावं, पानांचे ठसे काढावेत, बिया गोळा कराव्यात, कोळ्याच्या जाळ्यावरचं दव पाहावं, पाखरं ओळखावीत, इतकी साधी योजना. पहिल्या रविवारी मोजकीच कुटुंबं आली, पण छान झालं. दुसऱ्या रविवारी मामा शिट्टी घेऊन आले. तिसऱ्या रविवारी फेरी त्यांची झाली होती आणि मी त्यांचा मदतनीस. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

एक शिट्टी वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की चालायचं. वेळ झाली की फेरी सुटते. एकदा मी मोठ्या मिनतवारीने कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना पाहुणे म्हणून बोलावलं. ते जरा उशिरा, धापा टाकत फाटकापाशी पोचले तेव्हा मामा दोन शिट्ट्या देऊन मोकळे झाले होते. मी हाताने थांबा थांबा करतोय, आणि मामा मागे वळून त्या विद्वान माणसाला सांगतायत, "पुढच्या रविवारची धरा!" घाटाच्या पायऱ्यांवर बसायच्या जागाही त्यांनी एस.टी.सारख्या लावून दिल्या आहेत. डावीकडे महिला, कडेला अपंग, वयस्कर माणसं सावलीत. सगळ्यात पुढचा सपाट दगड आमदारांसाठी राखीव. त्या दगडावर आजवर एकही आमदार बसलेला नाही, आणि मामांनी दुसऱ्या कुणाला बसू दिलेलं नाही. उन्हात पोरं पेंगतात, बाया उभ्या राहून कंबर धरतात, दगड मोकळा.

पाखरांना ते प्रवासी समजतात. इथली पाखरं म्हणजे लोकल, थंडीला येणारी म्हणजे लांब पल्ल्याची. पहिल्याच साली धोबी पाखरू नुकतंच उतरून शेपूट हलवत चिखलात फिरत होतं. मी त्याच्या स्थलांतराविषयी चार वाक्यं मनात जुळवत होतो, तेवढ्यात मामा कडाडले, "बर्फातनं आलंय ते, विनाथांबा! आणि तुमी सांगलीला जाताना दोनदा च्या पिता!" लोक खाली मान घालून बसले. त्यात काय लाजायचं होतं? पण लाजले. पानांचे ठसे काढताना तर त्यांचा संताप बघवत नाही. "झाडावरचं पान तोडायचं न्हाई, खालचं घ्या. त्याचं तिकीट संपलंय." बदकांना चिवडा टाकणाऱ्या एका गृहस्थांच्या हातातला पुडा त्यांनी काढून घेतला आणि त्यांच्यासमोर उभं राहून स्वतः संपवला. नंतर मामी मला म्हणाल्या, "डॉक्टरनं मीठ बंद केलंय त्यांचं. बदकाच्या नावावर खाऊन आलं."

हे सगळं मी चालवून घेतलं. पण गेल्या शरदात जे झालं ते मला चालवून घेता येईना. गणपती होऊन बरेच दिवस झाले होते. पलीकडच्या काठाला, बेशरमीच्या झुडपात, कुणाच्या तरी मखराचा थर्माकोलचा तुकडा अडकला होता. मामांनी एक शिट्टी दिली. सगळी फेरी थांबली.

"बगळा," मामा दबक्या आवाजात म्हणाले. "कुणी हालायचं न्हाई. ध्यानाला बसलाय."

मी दुर्बीण लावली. थर्माकोलच. एका कडेला सोनेरी झालरही दिसत होती. मी तोंड उघडणार, तोच ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे आमचे पाटील, सहा फूट उंच, नजर घारीची, म्हणाले, "लय मोठा हाय, मामा."

"पोसलाय चांगला," मामा म्हणाले.

"मान आत घेतलीया जणू," पाटलांच्या पत्नीने भर घातली.

इतकी कुटुंबं, त्यांत शिकलेली, नोकरदार माणसं, त्या थर्माकोलसमोर श्वास रोखून बसली! पुढच्या रविवारीही बसली. "त्याच जाग्यावर! निष्ठा बघा जरा, न्हाईतर तुमी. दर वर्षाला मोबाईल बदलता," असं मामांनी सुनावलं तरीही बसली. मी संतापलो. विज्ञानाच्या फेरीत हे? उद्या ही मुलं परीक्षेत काय लिहिणार? पाटलांना मी बाजूला घेऊन जाब विचारला, तर ते म्हणाले, "आवं सर, बगळ्यानं काय तुमचं वाईट केलंय?"

तसाच तणतणत मी मामींकडे गेलो. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यास्नी दिसत न्हाई, जावईबापू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतोय कवाच काढायला पायजे."

"मग काढत का नाहीत?"

"भ्यात्यात. आपरेशनला न्हाई, तुमास्नी. एस.टी.त डायव्हरचं डोळं गेलं की त्याला गाडीवरनं उतरवून डेपोत बसवत्यात. ह्यांनी लय बघितल्यात तसली माणसं. त्यास्नी वाटतंय, कळलं की तुमी शिट्टी काढून घेणार. रिटायर झाल्यावर वरीसभर भिंतीकडं तोंड करून बसलं व्हतं. रविवारनं उठवलंय त्यास्नी."

तरी राग गेला नाही. उलट त्याला आणखी एक फांदी फुटली. मी शिट्टी काढून घेईन, असं या माणसाला वाटलंच कसं? पुढच्या रविवारी स्पष्ट सांगायचं, असं मी ठरवलं.

सांगायची वेळच आली नाही. त्या रविवारी तलावाच्या एका कोपऱ्यात जलपर्णी माजून काठाला लागली होती, हिरवीगार, गालिच्यासारखी. मामा सगळ्यांच्या पुढे, लोकांकडे तोंड करून उलटे चालत, कुणाच्या तरी अत्तरावर तोंडसुख घेत होते. वळले, त्या हिरवळीवर ऐटीत पाय ठेवला, आणि कमरेपर्यंत पाण्यात गेले. शिट्टी तोंडात होती. ती एकदाच, लांबलचक वाजली.

एक शिट्टी म्हणजे थांबायचं. सगळे थांबले. कुणी हसलं नाही. कुणी ओरडलंही नाही. मामा पाण्यात उभे, टोपीवर एक जलपर्णी, आणि चेहरा असा, की मला तो बघवेना. चिडका आवाज जणू पाण्यातच विरघळला होता. तेवढ्यात पाटलांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्यांच्या शेजारी पाण्यात उतरले.

"बरं झालं मामा, तुमी म्होरं उतरलात. पाण्यातलं बघायचं राह्यलंच व्हतं."

मग पाटलांच्या पत्नी पदर खोचून उतरल्या. मग बँकेतले एक साहेब, मग पोरंबाळं, मग ज्यांना कंबरदुखी होती त्याही. मी काठावरून ओरडत होतो, "अहो, गाळ आहे! काचा असतील! मुलांना वर घ्या!" कोण ऐकतंय? कुणी मुळं उचलून बघत होतं, कुणाला गोगलगाय सापडली, कुणी चतुराची अळी ओंजळीत धरून मलाच नाव विचारत होतं. नाइलाजाने मीही उतरलो.

मामांनी माझा दंड धरला. हळू आवाजात, जो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, विचारलं, "जावईबापू, पल्याडचा तो बगळा... बगळा न्हाई, व्हय?"

मला खोटं बोलता येत नाही. "नाही मामा. थर्माकोल आहे."

"मग ही एवढी माणसं गप का बसली?"

मी इतकी वर्षं विज्ञान शिकवतोय. मी त्यांच्या टोपीवरची जलपर्णी काढून पाण्यात सोडली.

दोनच दिवसांत मामा स्वतःहून दवाखान्यात गेले. दिवाळीआधीचा शेवटचा रविवार मी एकट्याने चालवला. सगळी नावं बरोबर सांगितली. लोक हवे तिथे बसले, वेळेवर कुणी आलं नाही, आणि माझं बोलणं संपल्यावर जो तो चपला शोधायला लागला. पाटील एवढंच म्हणाले, "छान झालं, सर." इतकं सौम्य, की मला अपमान वाटला.

कार्तिकात मामा आले, काळा चष्मा लावून. फेरीचे दिवस संपले होते, तरी सगळी कुटुंबं जमली. घाटावर उभं राहून मामांनी चष्मा काढला, तलावाकडे पाठ केली, आणि एकेकाचा चेहरा बघत राहिले. गेली काही वर्षं त्यांनी ही माणसं नुसत्या आवाजावरून ओळखली होती. पाटलांपाशी थांबून म्हणाले, "तू एवढा पिकलास, व्हय रं?" पुढे सरकले. कुणावर ओरडले नाहीत. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं एकदा.

त्यांच्या मागे चक्रवाकांची जोडी पाण्यावर उतरली, खरीखुरी, केशरी, उन्हात झळाळणारी. आमच्या तलावावर मी ती प्रथमच पाहत होतो. मामा अजून चेहरेच बघत होते. त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.