गाडीला बसवलेलं शेपूट

सांगवीतल्या एका वयस्कर जोडप्याला त्यांची दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल काढून टाकायची होती. मी आणि माझ्या धाकट्या नणंदेने ती घेतली आणि तिथून दिघीपर्यंत चालवतच घरी आणली. ती पुढे, मी मागे. तिने ब्रेक दाबला की मला आणखी जोरात पायडल मारायची इच्छा व्हायची. दोघी चाळिशी ओलांडलेल्या, दोघींच्या डोक्यावर नवी कोरी हेल्मेटं. भोसरीत एक रिक्षावाला ओरडला, "मागच्या सीटवर जागा हाय का?" घरी पोचेपर्यंत हसून हसून माझं पोट दुखायला लागलं होतं.

मग आम्हाला ती सायकल पवना धरणाच्या रस्त्यावर चालवायचं वेड लागलं. तिथपर्यंत न्यायची कशी? आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, माझ्या नवऱ्याची लाडकी. तिच्या मागे लोखंडी टोइंग हूक बसवायचा, त्यावर सायकलचं कॅरियर लावायचं आणि निघायचं, असं ठरलं. हूक मागवला. खोका इतका जड होता की तो सोडून जाताना डिलिव्हरीवाल्याने विचारलं, "ताई, जातं मागवलं का?" पण इलेक्ट्रिक गाडी म्हटल्यावर गॅरेजवाल्याने हातच जोडले.

"वहिनी, आपणच बसवू," नणंद म्हणाली. ती चाकणला एका कंपनीत खरेदी विभागात आहे आणि आमच्याच सोसायटीत समोरच्या इमारतीत राहते. मी शाळेत गणित शिकवते. स्वयंपाकघरातल्या मिक्सरचं झाकण सोडलं, तर आम्ही दोघींनी आजवर काहीही उघडलेलं नव्हतं.

रविवारी नवऱ्याला ओव्हरटाइम होता, पहिली शिफ्ट. तो कंपनीच्या बसने गेला आणि आम्ही पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली. शेजाऱ्यांकडून पान्यांचा सेट आणला. हुकासोबत आलेलं चित्रांचं पुस्तक नणंदेने मोठ्याने वाचलं. त्यात एकच गोष्ट तीनतीनदा सांगितली होती: केशरी वायरला हात लावायचा नाही, आणि गाडीच्या पोटात बॅटरी असल्यामुळे तिथे भोक पाडायचं नाही.

"केशरी दिसली की ओरडायचं," मी म्हणाले.

आधी मागचा बंपर काढायचा होता. बंपर म्हणजे आत काहीतरी भक्कम असणार असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. तो निव्वळ प्लास्टिकचा निघाला! स्क्रू काढले, बाजूच्या खाचा एकेक करून सोडवल्या. प्रत्येक खाच सुटताना असा कडकन आवाज यायचा की आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि "मोडलं नाही, मोडलं नाही" असं पुटपुटायचो. शेवटी दोघींनी दोन्ही टोकं धरून हलकेच मागे ओढलं आणि अख्खा बंपर हातात आला. पार्किंग सेन्सरची वायर सोडवून तो आम्ही सतरंजीवर तान्ह्या बाळासारखा ठेवला.

आणि नेमका तेव्हाच वॉचमन काका धावत आला. तो नांदेडकडचा आहे.

"अरे बापरे! ताई, कुठं ठोकली गाडी? लागलं का कुणाला?"

"ठोकली नाही काका, शेपूट बसवतोय," नणंद म्हणाली.

त्यानंतर जो येईल तो हळहळायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर थर्मासभरून चहा आणून दिला. अपघात झालेला नाही हे आम्ही तो पिऊन झाल्यावर सांगितलं.

आतला आडवा लोखंडी पट्टा काढून त्या जागी हुकाचा पट्टा लावायचा होता. मी गाडीखाली उताणी झोपून तो पोटावर पेलला आणि नणंद नट घालत होती. एवढ्यात ती किंचाळली, "केशरी!" मी पट्टा घट्ट धरून डोळे मिटले. जरा वेळाने ती म्हणाली, "सॉरी वहिनी, तुमच्या ओढणीची कड आहे." मग हसू आवरेना. पोटावर लोखंड असताना हसणं फार अवघड असतं.

शेवटचा नट ठरल्याएवढा घट्ट झाल्यावर पान्याने 'टक्' असा आवाज केला. तो आवाज मला इतका आवडला की मी सगळे नट पुन्हा एकदा तपासले, फक्त तो ऐकायला. बंपरला खालून हुकापुरती जागा कापली, कॅरियरच्या दिव्यांसाठीची वायर जोडली, बंपर परत बसवला. सगळं जागच्या जागी! आम्ही दोघींनी पार्किंगमध्ये चक्क फुगडी घातली.

मग कॅरियर लावून सायकल चढवली. ती गाडीच्या दोन्ही बाजूंनी हातहातभर बाहेर आली.

गणित शिकवणाऱ्या बाईने गाडीची रुंदी मोजली होती, हुकाची उंची मोजली होती. सायकलची लांबी मोजायचं राहिलं होतं.

"चाकं काढू," नणंद सप्लायरशी बोलायच्या आवाजात म्हणाली. दोन्ही चाकं काढली. सायकल बरोबर मावली. तेवढ्यात नवरा शिफ्ट संपवून आला. त्याने हूक हलवून पाहिला, वाकून नट पाहिले, "भारी काम केलंय राव!" म्हणाला. मग सायकलकडे बघत त्याने मान तिरकी केली.

"पण चाकं काढल्यावर ती मागची सीट पाडून गाडीच्या आतच मावली असती ना?"

मी नणंदेकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग आम्हाला जे हसू फुटलं, त्यात ती सतरंजीवर बसली, मी गाडीला टेकले आणि वॉचमन काका पुन्हा धावत आला.

"मावली असती तरी आता ती बाहेरच जाणार," डोळे पुसत नणंद म्हणाली.

आणि गेली. पुढच्या रविवारी तिघं निघालो. सायकलच्या टोकांना लाल फडकं बांधलं होतं, सिग्नलला लोक फोटो काढत होते आणि नवरा हुकाची माहिती अशी देत होता, जणू त्यानेच बसवलाय. धरणाच्या रस्त्यावर चाकं लावली. आम्ही दोघी तळ्याकाठच्या वळणांवरून गाणी म्हणत दोन चकरा मारून आलो, तेव्हा त्यालाही बसायचं होतं. तो माझ्या मागे बसला, नणंद गाडी घेऊन हळूहळू शेजारून येत होती. चढ आला आणि मला धाप लागली.

"अरे, तू पाय मारतोयस ना?" मी ओरडले.

"मारतोय की!"

नणंदेने काच खाली केली. "खोटं बोलतोय तो, वहिनी! पायडलवर नुसते पाय टेकवून फिरवून घेतोय!"