धुरपताबाईचं कानझाकण

ताडकळसच्या बाजारपट्टीला धुरपताबाईची पिठाची गिरणी होती. गिरणी तशी घरची, म्हणजे नवरा आश्रुबाच्या नावाची. पण आश्रुबाला इंजनाचं भ्या वाटायचं. तो आपला शेतात बरा. त्यामुळं पंच्याहत्तर साली गिरणी बसली तेव्हापासून हँडल मारायचं, पट्टा चढवायचा आन् दळण टाकायचं काम धुरपताबाईनंच केलं. डिझेलचं इंजन, वर पत्रे, खाली दगडी चाकी. इंजन चालू झालं की शेजारच्या घरातली भांडी फळीवर नाचायची.

अकरा वर्षं अशी गेली. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात धुरपताबाईला गिरणी बंद असतानाही गिरणी ऐकू यायला लागली. जेवताना पुकपुक, देवापुढं बसली तरी पुकपुक. एकदा तर ती आंघोळ सोडून ओल्या लुगड्यानं गिरणीत पळाली, इंजन कुणी चालू केलं म्हणून. तिथं कुलूप.

परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कान तपासले. म्हणाले, "बाई, गिरणी सोडा, न्हाईतर कान झाका. असंच चाललं तर पाच वर्षांत ठार बहिऱ्या व्हाल."

गिरणी सोडायचा सवालच नव्हता. राहिलं कान झाकणं.

पयल्यांदा तिनं कापूस घातला. कापूस फुकटचा, घरच्या शेतातला. पण दळण टाकायला वाकलं की बोळा सुटायचा आन् सरळ चाकीत जायचा. शाळेवरच्या तात्याराव गुरुजींच्या भाकरीत एक बोळा निघाला, तेव्हा कापूस बंद झाला. मग मेण. इंजनाच्या धगीनं मेण पाघळलं आन् कानामागं केसात जाऊन बसलं. ते काढताना चार बोटं केस कापावे लागले. मग तिनं कणीक मळून दोन गोळ्या कानात बसवल्या. कणकेनं आवाज खरंच दबला. धुरपताबाई खूश झाली आन् दुपारी त्याच खुशीत अंगणात बाजेवर कलंडली. डोळा लागतो न लागतो तोच कोंबडीनं कानात चोच मारली. धुरपताबाई बोंबलत उठली, कोंबडी बोंबलत पळाली, आन् दुसऱ्या कानातली कणीक वाळून दगड झाली ती आश्रुबानं कोमट तेल घालून सांजपर्यंत काढली.

"आता मी इकतचीच वस्तू आणते," ती म्हणाली. "सस्ती पायजे आन् मजबूत पायजे."

परभणीला जाताना तिनं धाकटी जाऊ बायनाबाईला बरोबर घेतलं. त्याला कारण होतं. बायनाबाईचा आवाज. बायनाबाई ओढ्याच्या अलीकडून बोलली की पलीकडच्या शिवारातले बैल थांबायचे. "ज्या वस्तूतनं तू ऐकू येणार न्हाईस," धुरपताबाई म्हणाली, "ती वस्तू मी डोळे झाकून घेईन." बायनाबाईला हा मान वाटला. ती नवं लुगडं नेसून निघाली.

स्टेशन रोडला नागनाथचं रेडिओ-टेपचं दुकान होतं. काचेच्या कपाटात कानाला लावायची यंत्रं टांगलेली. वर पातळ पट्टी, दोन बाजूंना नारंगी स्पंजाच्या टिकल्या.

"हे कानाला लावलं की ऐकू येतं का?" धुरपताबाईनं विचारलं.

"एकदम साफ! बारीक घुंगरूसुद्धा ऐकू येतं."

"मग नको. मला ऐकू न येणारं पायजे."

नागनाथनं पंधरा वर्षं धंदा केला होता, पण असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, ऐकू न येणारं म्हणजे बिघडलेलं. तसले दोन हायत, पण ते मी दुरुस्तीला ठेवलेत."

"दाखवा तर."

त्यानं दाखवले. धुरपताबाईनं एक उचलून वजन केलं, पट्टी वाकवून पाहिली, मग हातभर उंचावरून काउंटरवर सोडली. टिकली निखळून नागनाथच्या चहात पडली.

"हे शेळीपुढं दोन दिवस टिकायचं न्हाई," ती म्हणाली. "दुसरं?"

दुसरं जरा मोठं होतं, काळं, कान अख्खा झाकणारं. धुरपताबाईनं ते पदरावरून चढवलं आन् बायनाबाईला रस्त्याच्या पल्याड उभं केलं. बायनाबाईनं कमरेवर हात ठेवले, छाती भरून घेतली आन् हाक दिली, "अक्काऽऽऽ! ऐकू यायलंय काऽऽऽ?"

"हौ!" धुरपताबाई दुकानातून म्हणाली. "अजून लांब जा!"

बायनाबाई लांब गेली. परत हाक. टांग्याचं घोडं मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. हॉटेलातून लोक बाहेर आले. अक्का कोण, तिला काय झालं, कुणी चोरून नेली का, असं जो तो विचारायला लागला. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून मोर्चे आन् बंद चालूच असायचे. रस्त्यावर दहा माणसं जमली की पोलिसाला मोर्चाच दिसायचा. एक शिपाई टोपी सावरत धावत आला.

"कशाचा मोर्चा हाय?" त्यानं बायनाबाईला विचारलं. "परवानगी हाय का?"

"मोर्चा न्हाई दादा," बायनाबाई तेवढ्याच आवाजात म्हणाली, "वस्तू घ्यायलोत!"

शिपायानं दोन्ही कानांवर हात ठेवले. धुरपताबाईनं ते दुकानातून पाहिलं आन् मनात म्हणाली, याच्या हातासारखं काही मिळालं तर बघावं. तिनं काळं यंत्र काढून ठेवलं. किंमत विचारली, ऐकली, आन् या वेळी आपल्याला नीट ऐकू आलं याचंच तिला वाईट वाटलं. नागनाथनं दोघींना चहा पाजला. आधीचा टिकली पडलेला कप त्यानं स्वतःकडं ठेवला. बायनाबाईला तो हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्या मापाचं यंत्र अजून कुण्या कंपनीनं काढलं न्हाई."

बायनाबाई परतीच्या एसटीत अख्ख्या गाडीला हे सांगत आली.

गावात उतरल्यावर शेताकडच्या पांदीच्या तोंडाला मकबूल पिंजारी गादी भरत बसला होता. एसटीतून येणारा बायनाबाईचा आवाज त्यानं गाडी थांबायच्या आधीच ऐकला होता. म्हणाला, "भाबी, खामखा परभणीला गेल्या. आवाज फटीतनं येतो. फट ठेवायचीच न्हाई. माझ्याकडं सोडा."

तीन दिवसांत त्यानं वस्तू केली. नारळाच्या दोन करवंट्या घासून गुळगुळीत केल्या, आत पिंजलेला कापूस ठासला, कडेनं सायकलच्या ट्यूबची जाड घडी शिवली. दोन्ही करवंट्या जुन्या बादलीच्या कडीला तारेनं पक्क्या आवळल्या आन् कडी डोक्याच्या मापानं वाकवली. वरून लाल फुलाफुलाचं गादीचं कापड. धुरपताबाईनं ती वस्तू ओट्यावरून खाली टाकली. काही झालं न्हाई. शेळीपुढं ठेवली, शेळीनं कापड चाटलं, रबर चावलं, मग तोंड वाकडं करून निघून गेली. बायनाबाई हातभर अंतरावरून ओरडली. धुरपताबाईला ती कुणाशी तरी चार घरं पलीकडं बोलायलीय असं वाटलं.

"किती द्यायचे?" धुरपताबाईनं विचारलं.

"सालभर दळण फुकट," मकबूल म्हणाला. "आन् जरा बारीक दळा."

हे शेवटचं तिला ऐकू आलं न्हाई, कारण कानझाकण तिनं तोवर डोक्यावर चढवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीत बसली तेव्हा बघायला अर्धं गाव आलं. डोक्यावर बादलीची कडी, कानावर दोन लाल करवंट्या. पोरीबाळी हसल्या. धुरपताबाईनं हँडल मारलं. इंजन सुरू झालं, आन् नवल असं की ते पूर्णेच्या पल्याड कुठंतरी चालू असल्यासारखं वाटलं. त्याहून नवल म्हणजे त्या दबलेल्या धडधडीतून माणसं वेगळी ऐकू येऊ लागली. इंजनावरून आवाज जावा म्हणून जो तो घसा फोडून बोलायचा, आन् करवंटीतून तेवढंच बरोबर आत यायचं.

दळणाच्या रांगेत तात्याराव गुरुजी सगुणाबाईशी बोलत होते.

"झाकले कान! आता तर सवालच मिटला. अकरा वर्षं झाली सांगायलोय, पीठ भरड यायलंय, चाकीच्या खाचा झिजल्यात, टाकी लावा. दर वेळी म्हणते, हौ, जेवण झालं."

"मी तर चाळून अर्धं म्हशीला घालते," सगुणाबाई म्हणाली. "भाकर थापायला घ्यावी तर नकाशासारखी चिरते. बाई मुद्दाम करायलीय म्हणतात. तिच्या पोरीच्या लग्नात आपण उशिरा गेलो होतो ना, त्याचा राग."

धुरपताबाईचा हात दळणाच्या डब्यात तसाच राहिला. घरची भाकरही चिरायची, पण ती आजवर जवारीलाच दोष देत आली होती. गुरुजी दर आठवड्याला हसून काहीतरी विचारायचे. तिला वाटायचं, मोठा मायाळू माणूस, जेवण झालं का म्हणून विचारतो. दिवसभर ती गप्प बसून ऐकत राहिली. सतरा दळणं झाली. त्यात चौदा जणांनी भरड पिठाचं काढलं, दोघांनी तिच्या कानझाकणाला नावं ठेवली आन् एकानं आपल्या सासऱ्याला.

सांजच्याला आश्रुबा जेवायला बसला. ती समोर बसली, कानाजवळ हात धरला आन् म्हणाली, "आवो, आपलं पीठ भरड यायलंय का?"

आश्रुबाचा घास थांबला. "मी सांगितलं की."

"कवा?"

"रोजच. जेवताना."

"मग मोठ्यानं कामून न्हाई सांगितलं?"

आश्रुबानं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. तो खळखळून कधी हसला न्हाई की ओरडला न्हाई, असा माणूस. म्हणाला, "मोठ्यानं सांगितलं तर तुला वाटलं असतं, भांडायलोय. म्हणून खात गेलो."

धुरपताबाईला हसू यायलंय का रडू, हे तिलाच कळेना. अकरा वर्षं हा माणूस तिच्यासमोर बसून चिरलेली भाकर खातो आन् हळूच तक्रार करतो, आन् इंजनानं बधिरलेल्या तिच्या कानात ते शिरतच न्हाई. तिनं त्याच्या ताटात दूध वाढलं.

चाकीला टाकी लावायला माणूस आला. दोन दिवस गिरणी बंद ठेवून त्यानं दोन्ही दगडांच्या खाचा नव्यानं काढल्या. तिसऱ्या दिवशी पीठ असं उतरलं की चिमटीत धरलं तर हाती लागेना. गुरुजी दळण घेऊन गेले आन् अर्ध्या तासात परत आले. धुरपताबाईपुढं उभं राहून, दोन्ही हात हवेत फिरवत, भाकर थापल्यासारखं करत ओरडले, "पीऽऽठ! लऽऽय बेस!"

"ओरडता कामून गुरुजी?" धुरपताबाई म्हणाली. "मला सगळं ऐकू येतं. अकरा वर्षांत न्हाई आलं, ते या आठ दिवसांत आलं. आन् सगुणाबाई, माझा तुमच्यावर राग न्हाई. लग्नात तुमी उशिरा आलात तेच बरं झालं, पंगतीत पुऱ्या आधीच कमी पडायल्या होत्या."

सगुणाबाईच्या हातून रिकामा डबा पडला. रांगेतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. गेल्या आठ दिवसांत आपण काय काय बोललो ते आठवायला लागली. मकबूल भिंतीला टेकून पोट धरून हसला.

आठ-दहा दिवस गिरणीत कुणी तोंड उघडलं न्हाई. नुसत्या माना हलायच्या. पण रांगेत गप बसणं माणसाला किती जमणार? एकानं पावसाचं काढलं, दुसऱ्यानं पावसावरून भावकीचं, आन् महिन्याभरात गिरणी होती तशी बोलू लागली. फरक एवढाच, की आता भांडण सोडवायला, सोयरीक सुचवायला, कुणाच्या सुनेला माहेरी पाठवा म्हणायला लोक मुद्दाम धुरपताबाईच्या जवळ येऊन बोलायचे. ती दळता दळता हुंकार द्यायची. तिच्या हुंकारावर तीन लग्नं ठरली, एक मोडायचं वाचलं.

एक्याण्णव साली इंजन गेलं आन् विजेची मोटर आली. मोटर गुणगुणल्यासारखी चालायची, पण रांगेतल्या माणसांची घसा फोडून बोलायची सवय काही गेली न्हाई. पोरगी माहेरपणाला आली होती, म्हणाली, "आई, आता ते काढ डोक्यावरलं, लोक हसतात."

धुरपताबाईनं करवंट्या नीट बसवल्या, चाड्यात जवारी ओतली आन् म्हणाली, "हसू दे. तू जरा गप बस, मागं रांगेत जागेच्या वाटणीचं चाललंय, ते राहायलंय ऐकायचं."