काळं पडलेलं तेल

काल पुतण्याच्या ट्रकचं तेल तपासताना मेकॅनिकनं पट्टी फडक्याला पुसली आणि सहज म्हणाला, "काळं पडतंय म्हणजे तेल चांगलं हाय, आण्णा. इंजनातली काजळी धरतंय की."

जळक्या तेलाचा वास नाकात शिरला आणि मी पन्नास वर्षं मागं, हैदराबाद रोडवरच्या हसन मिस्त्रीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

हसन माझा जिवाभावाचा दोस्त. जड गाड्यांसाठी नवीन तेल आलं होतं, ते त्यानं हट्टानं माझ्या ट्रकात भरलं. आठवड्यात ते डांबरासारखं काळं झालं. आमचं जुनं तेल महिनाभर मधासारखं दिसायचं. हसननं दुसऱ्या गाडीचं वापरलेलं तेल गाळून माझ्या गळ्यात मारलं, असंच मी धरून चाललो. काजळीचं हसननंही सांगितलं होतं, पण मला ती चोराची सबब वाटली. भर दुपारी, चार ड्रायव्हरांसमोर, मी इंजनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट काढला आणि सगळं तेल त्याच्या दारात सोडून दिलं.

मी तणतणत केबिनमध्ये चढलो, गाडी चालू करायला गेलो, तसा हसन धावत आला.

"आण्णा, सेल मारू नका. आत तेल न्हाय, इंजन बसंल."

मग त्यानंच नट आवळला, माझं नेहमीचं तेल आणून भरलं. मी त्याच्याकडं न बघता गाडी काढली. पुढं तो गेल्याचा निरोप आला, तेव्हाही मला आधी ते काळं तेलच आठवलं, आणि मी मयतीला गेलो नाही.