तळाशी सापडलेली निळी रेघ

वैशाखातली अमरावतीची दुपार होती. कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध आणि ॲसेटिक आम्लाचा आंबूस दर्प प्रयोगशाळेत एकमेकांत मिसळले होते, आणि मी तबकातल्या जेलकडे, प्रथिनांना निळ्या रेघांनी दृश्य करणाऱ्या त्या पातळ, थरथरत्या पापुद्र्याकडे, श्वास रोखून पाहत होते.

पेशीला आकार देणारे ॲक्टिनचे तंतू असतात आणि त्यांना बिलगून त्यांची जाळी विणणारी प्रथिने असतात. मी अभ्यासत होते ते प्रथिन या तंतूंना बिलगते, हाच माझ्या प्रबंधाचा प्राण होता. पडताळणी साधी: दोघांना एका नळीत घालून अतिवेगाने फिरवायचे, जड तंतू तळ गाठतात आणि बिलगलेल्यांनाही सोबत नेतात. वर्षभर माझे प्रथिन तळाशीच सापडत आले होते. अकोल्याच्या एका महाविद्यालयातली नोकरी महिनाभरात प्रबंध सादर होण्यावर अडून होती. राहिली होती एकच नळी, तंतूंविना, प्रथिन एकटे असलेली; ते आपले आपणच बुडत नाही ना, हे पाहण्यासाठीची. प्रथिन पुरत नाही म्हणून ती मी दरवेळी पुढे ढकलली होती. आज ती या जेलवर होती.

जास्तीचा निळा रंग ओसरला. त्या नळीच्या तळाच्या रकान्यातही रेघ होती, तितकीच ठळक. म्हणजे तळाशी सापडणे हा बिलगण्याचा पुरावा नव्हताच. माझे प्रथिन स्वतःच्या गुठळ्यांच्या भाराने बुडत होते.

कुणी पाहिले नव्हते. तो ओला पापुद्रा चुरगाळला असता तर मुठीत मावला असता. हात तबकाच्या कडेवर ठेवून मी कितीतरी वेळ उभी राहिले, आणि मग तबक उचलून मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेले.

सर अकोटकडचे, बोलणे अजून गावचेच. त्यांनी जेल खिडकीच्या उजेडात धरले.

"हे आनखी कोनाले दाखवलं काय?"

"नाही, सर."

ही चौकशी होती की सूचना, मला कळेना. बाहेर ऊन नुसते रणरणत होते.

"मंग अशी उभी कावून? आधी फिरवून गुठळ्या काढून टाक, अन् मंग तंतूसंग टाकून पाह्य."

दुसऱ्या दिवशी तसेच केले. तंतू तळाशी एकटेच गेले. स्वच्छ केलेले प्रथिन सगळे वरच्या पाण्यात राहिले.

"बिलगत नाही, असंच लिही," सर म्हणाले. "माह्या नावासकट."

प्रबंध लांबला, नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. अकोल्याहून बाबांचा फोन आला. सगळे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, "मंग वर्षभर तू करून काय राहिली होती?"

प्रथिन खरोखरच पुरत नव्हते, की त्या एका नळीची मला आधीपासूनच भीती वाटत होती, हे मला अजूनही सांगता येत नाही.