आत्याचा कौल

तुळजापूरला देवळामागं एक गोल दगड आहे, चिंतामणी म्हणतात त्याला. दोन्ही हात अलगद टेकवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं वळला तर होकार, डावीकडं वळला तर नकार. प्रश्न एकच धरायचा, हे आत्यानं मला निघताना तीनदा सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं म्हणायची सोय तिनं ठेवली नाही.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्यानं दुसरी केल्यापासून पाच वर्षं ती धाराशिवला आमच्याकडंच होती. मग ती दुसरी वारली, तिची दोन लेकरं मागं राहिली, आणि निरोप आला की सोमवारी गाडी पाठवतो, नांदायला या. वडील निजामाच्या कचेरीत कारकून. घरात एरवी त्यांचाच हुकूम चालायचा, पण या वेळी म्हणाले, "देवीला विचार. ती म्हणेल तसं." आणि साहेबाबरोबर दौऱ्यावर निघून गेले. आत्यानं शुक्रवारी जायचं ठरवलं, तर पहाटेच तिला कावळा शिवला. आई ओली बाळंतीण. उरले कोण, तर तेरा वर्षांची मी. दोन वेण्या, गुडघ्यावर खपली आणि जगातलं सगळं कळतं असा तोरा.

"एकटी जाशील?" आत्यानं लांबूनच विचारलं.

"त्यात काय!"

तिचे डोळे भरले होते आणि माझं सगळं लक्ष मोटारीच्या वेळेकडं.

मोटारीत पांढऱ्या दाढीचे कंडक्टरचाचा होते. "अकेलीच जारी क्या, बेटी?"

"मामा हैं ना." मी पुढच्या बाकावरच्या एका फेटेवाल्याकडं बोट दाखवलं. मामा घोरत होता.

चाचांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "उतरते वक्त जगाना उसकू. नै तो नळदुर्ग जाता तेरा मामा."

मी मामाला नळदुर्गाला जाऊ दिलं.

आत्यानं सगळं क्रमानं सांगितलं होतं. कल्लोळ तीर्थात बुडी, गोमुखाच्या धारेखाली हातपाय, तीन घोट पाणी, मग ओलेत्यानं थेट दगडापाशी, आणि तोवर कुणाशी बोलायचं नाही. मी कल्लोळात सात बुड्या मारल्या, कारण थांब म्हणायला कुणी नव्हतं. गोमुखाची धार डोक्यावर घेतली, पाठीवर घेतली, तोंड उघडून पोटभर प्याले. शेजारी एक म्हातारी पाय धूत होती.

"कुणाची गं तू?"

"कुणाचीच न्हाय," मी म्हणाले.

ते उत्तर मला इतकं गोड लागलं की पायऱ्या चढताना मी ते मनातल्या मनात घोळवत होते. रांगेतही तेच. माझा नंबर आला, मी दगडावर हात ठेवले, आणि आत्यानं जावं का, हे विचारायचं सोडून मनात आलं, मला असं एकटीला पुन्हा फिरायला मिळंल का?

दगड वळला. जात्याची वरची पाळू फिरावी तसा, सावकाश, उजवीकडं.

आधी मी हसले. मग आत्याचा प्रश्न आठवला. मी पुन्हा हात ठेवले, तसे पुजारी म्हणाले, "ऊठ बाई, एकाला एकच."

"पण हा माझा झाला."

"मग कुणाचा व्हायचा होता? सरक, माणसं खोळंबलीत."

रांग पुन्हा धरता आली असती. तास गेला असता, फार तर दोन. पण परतीची मोटार सुटली असती आणि खिडकीची जागा गेली असती. एवढंच कारण. याहून मोठं काही कारण असतं तर इतकी वर्षं मला निदान ते सांगत बसता आलं असतं.

आत्या परसात कडेला बसली होती. "कुठं वळला गं?"

"उजवीकडं."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सोमवारी आत्या चौथ्या दिवसाची अंघोळ करून गाडीत बसली.

मी पुढं मास्तरीण झाले. बदली होईल त्या गावी, कधी वाशी, कधी ईट, कधी बेंबळी, माझी ट्रंक घेऊन एकटी हिंडले. आत्यानं सवतीची लेकरं वाढवली. माहेरी यायची ती कुणी आणलं तर. एकदा कपाळावर खोक घेऊन आली. कशी पडली विचारलं तर म्हणाली, "देवीनंच धाडलंय मला, तीच बघंल." मी तिच्या कपाळावर हळद दाबली. खरं मात्र सांगितलं नाही.

सांगितलं ते तिचे केस पिकल्यावर. ती मलाच घेऊन तुळजापूरला आली होती. दगडापाशी म्हणाली, "तूच हात ठेव. तुझ्या हातानं वळतो."

तेव्हा मी सगळं सांगितलं. मागची रांग कुरकुरत होती, तरी सांगितलं. ती दगडाकडं बघत राहिली.

"मंजे माझं विचारलंच न्हाईस."

"न्हाय, आत्या."

"फिरलीस मात्र."

"व्हय."

तिनं पदरानं हात पुसले, दगडाला न शिवताच, आणि बाजूला झाली. मागच्या बाईला म्हणाली, "बस तू."

ती त्या दिवशी काय विचारायला आली होती? मोटारीत ती माझ्या शेजारीच बसली होती, खिडकीशी. मी विचारलं नाही.